आउटस्टँडिंग म्हणजे नक्की काय, बॉस?

जाडजूड इंग्लिश शब्दांना आपण घाबरतो आणि लगेच डिक्शनरी उघडतो. पण ऑफिसात आपला त्रिफळा उडवतात ते 'रन', 'टेबल', 'फाइन', 'फिक्स्ड' यांच्यासारखे साधेसुधे, रोजच्या बैठकीतले शब्द!

अप्रेझलच्या फॉर्मवर 'आउटस्टँडिंग' असा शेरा आला, की आपण अख्ख्या टीमला पार्टी देतो. पुढच्याच महिन्यात क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट येतं. त्यावरही ठळक अक्षरात 'आउटस्टँडिंग'च लिहिलेलं असतं आणि ते वाचून मात्र पार्टी दिल्याचा पश्चात्ताप होतो. शब्द तोच, स्पेलिंग तेच, उच्चारही तोच. एकीकडे अर्थ 'लाखात एक', दुसरीकडे 'लाखभर बाकी'!

तीच गत 'फाइन'ची. बॉस 'फाइन' म्हणाला, की काम पास. ट्रॅफिक हवालदार 'फाइन' म्हणाला, की पाकीट बाहेर. आणि घरी भांडण झाल्यावर कोणी नुसतंच 'फाइन' म्हणालं, की... जाऊ दे, तो अर्थ कुठल्याच डिक्शनरीत सापडत नाही. गंमत म्हणजे पहिले दोन्ही 'फाइन' मूळचे एकाच घरातले. लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे शेवट. एखादी गोष्ट शेवटाला, म्हणजे पूर्णत्वाला नेली, की ती फाइन. आणि पैसे भरून वादाचा शेवट केला, की ती भरलेली रक्कमही फाइन. भावंडं एकाच घरातली, पण एक सत्काराला गेलं आणि दुसरं चौकीवर.

आपल्यापैकी बहुतेकांचा एक ठाम समज असतो. इंग्लिश कच्चं म्हणजे मोठे शब्द येत नाहीत. मीसुद्धा कॉलेजात असताना एण्ट्रन्सच्या तयारीसाठी शब्दांच्या याद्याच्या याद्या घोकल्या होत्या. 'ओब्स्ट्रेपरस' वगैरे. नोकरीला लागल्यापासून हा 'ओब्स्ट्रेपरस' मला एकदाही भेटलेला नाही. रोज भेटतात ते 'गेट', 'टेक', 'इश्यू', 'क्लोज', 'रन', 'सेट'. आणि घोळ होतात ते यांच्यापायी. कारण सरळ आहे. 'ओब्स्ट्रेपरस'चा अर्थ विचारायला कोणालाच लाज वाटत नाही. पण भर मीटिंगमध्ये "सॉरी, 'टेबल' म्हणजे काय?" असं विचारायची हिंमत कोण करणार?

मूर्ती लहान, अर्थ महान

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९मध्ये आली. तिच्यातली सर्वांत लांबलचक नोंद कुठल्या भारदस्त शब्दाची नव्हती. ती होती 'सेट' या क्रियापदाची. ४३०हून अधिक अर्थ आणि सुमारे ६० हजार शब्दांचा मजकूर. म्हणजे एका चिमुकल्या शब्दासाठी अख्खी कादंबरी! पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 'रन'ने 'सेट'ला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या कोशकारांनी एकट्या 'रन' क्रियापदावर सुमारे नऊ महिने घालवले. २०११मध्ये त्यांचा आकडा बाहेर आला तेव्हा सगळे चाटच पडले. ६४५ अर्थ!

एवढे अर्थ येतात तरी कुठून? माणूस पळतो, ते रन. मग नदी वाहते, नाक वाहतं, बस एखाद्या रूटवर धावते, तेही रन. यंत्रं आली, ती 'रन' व्हायला लागली. कंपन्या आल्या, त्या कोणीतरी 'रन' करायला लागलं. निवडणुकीला उभं राहणं रन, पेपरात बातमी छापणं रन, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालवणं रन. प्रत्येक नव्या गोष्टीसाठी नवा शब्द कोण शोधत बसणार? हाताशी जो होता, त्यालाच कामाला जुंपलं.

हार्वर्डचे भाषाअभ्यासक जॉर्ज किंग्सली झिफ यांनी १९४५मध्ये याचा नियमच मांडला. जो शब्द जास्त वापरला जातो, त्याच्या वाट्याला अर्थही जास्त येतात. ऑफिसातही तेच होतं ना? जो काम करतो, त्याच्याच टेबलावर आणखी फायली येऊन पडतात. 'ओब्स्ट्रेपरस' बिचारा एकच काम करून घरी जातो. 'रन' ओव्हरटाइम करत बसतो!

'लागणे' कधी मोजलंय?

यावरून इंग्लिशला नावं ठेवायला जाऊ नका. आधी आपल्या घरात डोकवा. तुमच्या टीममधल्या चेन्नईच्या किंवा चंदीगडच्या मित्राला एकदा 'लागणे' हे क्रियापद शिकवून बघा.

भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते. नोकरी लागते, नंबर लागतो, सवय लागते. ठाण्याहून चर्चगेटला जायला वेळ लागतो. आंबा गोड लागतो. घाटात एखाद्याला गाडी लागते आणि तिकडे प्लॅटफॉर्मवरही गाडी लागते. बाळ बोलायला लागतं. बॉसचा फोन लागत नाही. आणि डेडलाइन जवळ आली, की आपली वाट लागते.

आता सांगा, 'लागणे'चा अर्थ काय? तुमचा मित्र वही मिटून निघून जाईल. पण तुम्हाला स्वतःला कधी गोंधळायला झालं? कधीच नाही. कारण आपण 'लागणे' एकटं शिकलोच नाही. 'भूक लागणे' शिकलो, 'नोकरी लागणे' शिकलो. अर्थ 'लागणे'च्या पोटात नसतोच, तो शेजारी बसलेल्या शब्दात असतो. जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांचं सांगणं नेमकं हेच होतं, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. हे फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्लिश शिकवत होते. आपल्या आज्यांनी त्यांना भाषाशास्त्र न शिकताच सांगितलं असतं. माणूस काय आणि शब्द काय, संगत बघायची!

मग इंग्लिशमध्ये आपण फसतो कुठे? तर संगत बदलते तिथे. 'लागणे' ऐकणारा आणि बोलणारा दोघंही मराठी मुलुखात वाढलेले असतात. ऑफिसच्या मेलमध्ये तसं नसतं. लिहिणारा हिंजवडीत, वाचणारा लंडनमध्ये, सीसीमधला तिसरा न्यू जर्सीत. तिघांनाही इंग्लिश येतं. पण तिघांच्या डोक्यात त्या शब्दाचे शेजारी वेगवेगळे असतात.

एक टेबल, दोन देश

हे फक्त आपल्याच बाबतीत होतं असं समजून खट्टू होऊ नका. इंग्लिश ज्यांची मायबोली, त्यांचीही यात फजिती झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी एकत्र बसून योजना आखत होते. ब्रिटिशांनी एक तातडीचा कागद तयार केला आणि तो आपल्याला 'टेबल' करायचाय असं सांगितलं. ब्रिटनमध्ये 'टेबल करणं' म्हणजे विषय चर्चेला घेणं. अमेरिकेत त्याचा अर्थ बरोबर उलटा, विषय बाजूला ठेवून देणं. अमेरिकनांना वाटलं, एवढी महत्त्वाची गोष्ट हे लोक गुंडाळून का ठेवतायत? बराच वेळ खडाजंगी झाली. मग उलगडा झाला, की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती! विन्स्टन चर्चिल यांनी महायुद्धाच्या आपल्या इतिहासात हा किस्सा नोंदवून ठेवलाय.

आपल्याकडे तर दुपारी लंडनचा कॉल आणि रात्री न्यू जर्सीचा. एकाच दिवसात दोन्ही 'टेबल' अंगावर येऊ शकतात. अमेरिकन साहेब तुमच्या कामाला 'क्वाइट गुड' म्हणाला, तर सहसा तो खूश असतो. ब्रिटिश साहेब तेच म्हणाला, तर बऱ्याचदा त्याचा अर्थ 'बरंय, चालेल' इतकाच. 'बायवीकली' मीटिंग म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? डिक्शनरीत दोन्ही अर्थ दिलेत. म्हणजे वाद घातलात, तर दोघंही बरोबर!

यात आपली स्वतःची भरही कमी नाही. आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो, तेव्हा एक शंका विचारायची असते. परदेशी माणसाला मात्र वाटतं, याचा आपल्यावर विश्वासच नाही. आणि 'रिव्हर्ट'? त्याची तर एक कहाणीच आहे.

माझ्या एका मैत्रिणीच्या टीमने एका शुक्रवारी क्लायंटच्या सिस्टिममध्ये काही बदल केले. मग टीममधल्या एका मुलाने मेल टाकला, 'प्लीज रिव्हर्ट ऑन द चेंजेस'. आपल्या ऑफिसांत 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या. पलीकडे होता अमेरिकन इंजिनिअर. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत 'रिव्हर्ट' म्हणजे केलेले बदल मागे घेऊन पहिल्यासारखं करणं. त्याने इमानेइतबारे सगळे बदल मागे घेतले आणि वीकेंडला निघून गेला. सोमवारी क्लायंटच्या मोठ्या साहेबांसमोर डेमो सुरू झाला आणि स्क्रीनवर जुनंच व्हर्जन! कोड कुठे हरवला नव्हता, तो संध्याकाळपर्यंत पुन्हा चढला. पण व्हायची ती शोभा झालीच. टीममधल्या दोघांचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात वाढवायचं होतं. तो निर्णय पुढचे चार आठवडे लोंबकळला. ईएमआय चालू असलेल्या माणसाला चार आठवडे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

यात कोणाचं इंग्लिश कच्चं होतं? कोणाचंच नाही. लिहिणाऱ्याला शब्द माहीत होता, वाचणाऱ्यालाही माहीत होता. दोघांनाही आपल्याला कळलंय याची पक्की खात्री होती. अडचण तीच होती.

कोंबडी चढली कोर्टाची पायरी

आता जरा पैशांचं बघू. १९५७ साली एका स्विस कंपनीने न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्याकडून फ्रोजन 'चिकन' मागवलं. वजन ठरलं, दर्जा ठरला, भाव ठरला. माल युरोपात पोचला आणि मोठ्या वजनाच्या खोक्यांत निघाल्या रश्श्यात तासभर शिजवायच्या वयस्क कोंबड्या. खरेदीदार म्हणाला, चिकन म्हणजे कोवळं, भाजायचं-तळायचं. विक्रेता म्हणाला, कोंबडी ती कोंबडी, तरुण असो की म्हातारी! प्रकरण न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेलं. न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांच्यापुढे प्रश्न होता, 'चिकन म्हणजे काय?' शब्दकोश तपासले गेले, व्यापारातले साक्षीदार आले, सरकारी नियम उघडले गेले, जर्मन भाषेतल्या तारांचा कीस पाडला गेला.

१९६०मध्ये निकाल लागला. खरेदीदार हरला. 'चिकन'चे दोन्ही अर्थ प्रचारात होते, आणि आपल्याला अपेक्षित असलेला नेमका मर्यादित अर्थच करारात होता, हे त्याला सिद्ध करता आलं नाही. हा खटला अमेरिकेतल्या लॉ कॉलेजांत आजही शिकवला जातो. आपल्या नाक्यावरचा चिकनवाला सुरी हातात घेण्याआधी विचारतो, "गावरान की ब्रॉयलर?" एवढा एक प्रश्न करारात नीट लिहिला गेला असता, तर वकिलांची फी वाचली असती.

ही कोंबडी तुमच्या-माझ्या कागदपत्रांतही फिरत असते बरं का! होम लोनच्या फॉर्मवर 'फिक्स्ड' दिसलं, की आपल्याला वाटतं २० वर्षांची काळजी मिटली. पण अनेक करारांत हा 'फिक्स्ड' सुरुवातीच्या काही वर्षांपुरताच असतो, किंवा आत कुठेतरी बारीक अक्षरात रेट बदलायचं कलम असतं. क्रेडिट कार्डावरचा 'मिनिमम ड्यू' भरला, की सुटलो असं वाटतं. तो भरून लेट फी टळते, पण उरलेल्या रकमेवर व्याजाचं मीटर चालूच राहतं. आणि 'एरिया'? पाचवीतल्या मुलालाही येणारा शब्द. पण फ्लॅट बघायला गेलं, की त्याला कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप असे अवतार फुटतात. शेवटी २०१६च्या रेरा कायद्यात 'कार्पेट एरिया' म्हणजे काय याची व्याख्याच लिहून काढावी लागली.

आकाशात एक शब्द, एक अर्थ

डेमो फसला तर पुन्हा देता येतो. काही ठिकाणी दुसरी संधी नसते.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, दाट धुकं. एका जम्बो जेटच्या कॉकपिटमधून रेडिओवर निरोप गेला, की आम्ही आता 'अ‍ॅट टेकऑफ' आहोत. विमान प्रत्यक्षात धावायला लागलं होतं. कंट्रोलरला वाटलं, ते टेकऑफच्या जागी उभं आहे. त्याच्या उत्तराचा पहिला शब्द होता 'ओके'. पुढचं, 'थांबा' सांगणारं वाक्य रेडिओच्या खरखरीत विरून गेलं. धावपट्टीवर दुसरं जम्बो होतं. ५८३ माणसं गेली.

२५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका कंपनीचं विमान खराब हवेमुळे तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं होतं. सहवैमानिकाने 'प्रायॉरिटी' मागितली. इंधन कमी असल्याचंही सांगितलं. पण 'इमर्जन्सी' हा शब्द शेवटपर्यंत रेडिओवर गेला नाही. कंट्रोलरच्या लेखी 'प्रायॉरिटी' म्हणजे जरा लवकर बघा. विमानात तिचा अर्थ होता, आता नाही तर कधीच नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८पैकी ७३ जणांचा जीव गेला.

दोन्ही अपघातांना इतरही कारणं होती. पण विमानवाल्यांनी शब्दांचा धडा मनावर घेतला. 'टेकऑफ' हा शब्द आता रेडिओवर प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. इंधनासाठी 'मिनिमम फ्यूएल' आणि 'मेडे फ्यूएल' असे अर्थ बांधून दिलेले शब्द आहेत. सिनेमात ऐकतो त्या 'रॉजर'चा अर्थ 'हो' असा नाही. 'तुमचं बोलणं पोचलं' एवढाच. आणि कंट्रोलरने दिलेली परवानगी वैमानिकाने स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवायची, हा तर रोजचा शिरस्ता.

विमान दुरुस्तीच्या पुस्तकांसाठीही अशीच 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाची नियमावली आहे. तिची पहिली आवृत्ती १९८६मध्ये निघाली. तिच्यात 'फॉलो' म्हणजे फक्त 'मागोमाग येणं'. सूचना 'फॉलो' करायच्या नाहीत, त्यासाठी 'ओबे' हा वेगळा शब्द. शब्दांची ही शिस्त कविता करण्यासाठी नाही. नट-बोल्ट आवळणाऱ्या जगभरच्या माणसांच्या हातून चूक होऊ नये म्हणून आहे.

आपण काय करायचं?

आपल्याला ऑफिसात बसून विमान उडवायचं नाही. पण वैमानिकांच्या दोन-तीन सवयी फुकटात उचलायला काय हरकत आहे? मी स्वतः पाळते, त्या सांगते.

* शब्द नको, जोडी पाठ करा. 'रन'चे ६४५ अर्थ घोकू नका. 'रन अ मीटिंग' म्हणजे मीटिंग चालवणं, 'रनिंग लेट' म्हणजे उशीर होणं, 'रन इट पास्ट हिम' म्हणजे त्याचं मत घेणं. 'भूक लागणे' शिकलात, तसंच.

* तारीख टाका, आकडा टाका. 'नेक्स्ट फ्रायडे', 'बायवीकली', 'ईओडी' हे शब्द मेलमधून हद्दपार करा. ईओडी म्हणजे कोणाचा दिवस, पुण्याचा की शिकागोचा? त्यापेक्षा '१४ तारीख, संध्याकाळी ६, भारतीय वेळ' असं लिहिलं, की विषय संपला.

* 'ओके'वर समाधान मानू नका. 'ओके' म्हणजे मेल मिळाला, की मेल मान्य आहे? एका ओळीत विचारून घ्या.

* कॉल संपताना रीडबॅक द्या. 'म्हणजे आपण हा विषय सोमवारी चर्चेला घेतोय, पुढे ढकलत नाही, बरोबर?' पाच सेकंद लागतात.

* सही करण्याआधी सोप्या शब्दांखाली रेघ मारा. 'फिक्स्ड', 'फ्री', 'ड्यू', 'एरिया', 'नोटीस'. आपल्याला हवा तो अर्थ कागदावर लिहून मागा. चिकनवाल्या केसचा धडाच तो आहे. ज्याला खास अर्थ हवा, त्याने तो लिहून घ्यावा.

आणि हो, सोपा शब्द विचारायची लाज सोडा. परवाच आमच्या मीटिंगमध्ये नुकत्याच जॉइन झालेल्या एका मुलीने शांतपणे विचारलं, "सर, इश्यू 'क्लोज' करू म्हणजे सोडवू, की नुसता बंद करू?" क्षणभर सगळे गप्प झाले. मग सरांनी उत्तर दिलं आणि लक्षात आलं, की टीममधले निम्मे जण वेगळंच धरून चालले होते. एखादीच्या अप्रेझलवर 'आउटस्टँडिंग' लिहायला एवढं कारण पुरेसं आहे. पहिल्या अर्थाने हं!